काळा बगळा, पिवळी ढाल

झेन्सव्हिल, ओहायो
४ ऑक्टोबर १९९४

चि. वेन्डेल यास,
अ. उ. आ. बोटीवर फोन लागत नाही, म्हणून लिहिते. अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांचं बोलणं आता समजतं, पण डावा हात उचलता येत नाही आणि जेवणाला तोंड लावत नाहीत. आपण इस्पितळात पडलोय आणि छावणीतलं एक माणूस फिरकलं नाही, हे त्यांच्या जिवाला लागलंय. दर उन्हाळ्यात चिलखतं चढवून ज्यांच्याबरोबर जुन्या काळच्या लढाया खेळलो, तेच विसरले, म्हणतात.

तुला खरं सांगते. छावणीतले लोक आले होते, बाबांना दाखल केल्याच्या दुसऱ्याच दिवशी. चौकशीच्या खिडकीशी ‘ऑस्बर्ट’ कुठे आहे, असं विचारत होते. ते बाबांचं लढाईच्या खेळातलं नाव; खरं नाव क्लेटन, हे त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं! खिडकीतल्या बाईंनी असं कुणी नाही म्हणून सांगितलं, आणि मी शेजारी उभी असून गप्प राहिले. आईच्या आजारपणात बाबा त्या छावणीत होते, तो राग अजून गेलेला नाही माझा.

आता बाबांना ढालीवरचं काळ्या बगळ्याचं चिन्ह, त्यांच्या नावावर नोंदवलेलं, सोडून द्यायचंय. आधी कॅन्ससमधल्या कुणाचा तसाच बगळा निघाला, म्हणून भालदारांनी, म्हणजे खेळातल्या चिन्हांची नोंद ठेवणाऱ्यांनी, ते परत पाठवलं होतं. मग बाबांनी चोचीत मासा देऊन ते मंजूर करून घेतलं, आठवतं? आता म्हणतात, ज्याला हवं त्याने घ्यावं. तसं पत्र माझ्याकडून लिहून घेतलंय. ते पर्समध्ये पडून आहे. टपालात टाकवत नाही आणि ते लोक आले होते हे बाबांना सांगवतही नाही.
तुझी,
लोरेन

कोडियाक, अलास्का
११ ऑक्टोबर

ती. लोरेन हिस,
सा. न. तुझं पत्र वाचून आधी भडकलो. पण तुला बोल लावायला मला तोंड कुठे आहे? आईचं सगळं तू एकटीने केलंस, मी इथे मासे मारत बसलो.

तरी ते पत्र टपालात टाकू नकोस. चिन्ह एकदा मोकळं झालं आणि दुसऱ्याने नोंदवलं, की बाबांना जन्मात परत मिळायचं नाही. बरे होऊन पुन्हा छावणीत गेले आणि आपला बगळा परक्याच्या ढालीवर दिसला तर? सांगून टाक. ओरडतील, ओरडू देत.
लोभ आहेच, ओरडा खाल्ल्यावरही राहील.
वेन्डेल

झेन्सव्हिल
२० ऑक्टोबर

चि. वेन्डेल यास,
अ. आ. पत्र त्यांच्यासमोर फाडलं आणि सगळं सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं रे. त्यांनी फक्त विचारलं, कोण कोण होतं? लंगडणारा उंच माणूस होता का? लाल केसांची बाई होती का, ती रिकाम्या हाताने यायची नाही, काय आणलं होतं तिने? मी त्या लोकांच्या बुटांकडे बघून नाक मुरडलं होतं, चेहरे पाहिलेच नव्हते.

उद्या त्यांच्या सरावाच्या मैदानावर जाते. ऑस्बर्टची मुलगी म्हणून ओळख सांगेन आणि सगळ्यांना घेऊन येईन.

बाबा शेवटी एवढंच म्हणाले, की आले होते ना, मग झालं. आणि सूप मागितलं. मी घाईघाईने भरवायला गेले आणि निम्मं त्यांच्या अंगावर सांडलं. त्यांनी उजव्या हाताने ते पुसलं आणि पुन्हा तोंड उघडलं.

लोभ कमी करू नकोस, सध्या मला त्याची फार गरज आहे.
लोरेन