खांद्यावरची लांब वस्तू

अण्णा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. मी अजून माधव नगरच्या आपल्याच घरात, तुमच्या वकिलीच्या टेबलाशी बसून काम करते. एका परदेशी कंपनीसाठी ड्रोननं वरून टिपलेली चित्रं बघायची आणि कशात काय दिसतं ते नोंदवायचं: ट्रॅक्टर, जनावर, माणूस, हत्यार. ती नोंद पुढे कोण वापरतं, ते सांगत नाहीत. मीही विचारलं नव्हतं.

होळीनंतरची दुपार होती. कोरड्या नाल्यातून चार माणसं चाललेली, दोघांच्या खांद्यावर काहीतरी लांब. मी पर्यायांच्या यादीतल्या ‘हत्यार’वर खूण केली आणि गॅसवर दूध ठेवलं होतं म्हणून उठले. पंधरा दिवसांनी बातमीत एक फोटो आला. नाल्याचं तेच वळण, काठाला तीच अर्धवट भिंत, आणि खाली फुटलेले पाण्याचे पाइप. गावात पाणी आणायला निघालेले चौघे ड्रोनच्या हल्ल्यात गेले होते.

मी इंदूरला आमच्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, “मैडम, आपने तो बस टैग लगाया. ऊपर तीन लोग और देखते हैं.”

“वो क्या देखते हैं?”

“आपका टैग.” मग म्हणाले, “लीगल से क्लीयर है. वहाँ लड़ाई चल रही है, नियम अलग हैं.”

तेव्हापासून तुम्ही डोळ्यांसमोरून हलत नाही. मी कॉलेजात असताना माझी सोन्याची बांगडी हरवली आणि मी भांडी घासणाऱ्या बाईंचं नाव घेतलं, तो दिवस. तुम्ही कचेरीतून आला आहात, अंगात अजून काळा कोट आहे. “तिला विचारलंस?” “विचारायचं काय, तीच तर होती इथे.” तुम्ही आवाज चढवत नाही. “अगं, आरोपीला उभं राहायला जागा तरी दे. तू तर निकालच लिहून मोकळी झालीस.” बांगडी कधीच सापडली नाही, तुम्ही बाईंना काढलंही नाही, आणि मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही.

तुम्ही असता तर दोन्ही बाजू मांडल्या असत्या. युद्धात सैनिक सैनिकाला मारतो, त्याला कायदा गुन्हा म्हणत नाही, असं म्हणाला असतात. मग विचारलं असतं, पण हे सैनिक होते, हे ठरवलं कुणी? इथे माझी मान खाली जाते. काल देवास गेटच्या चौकात एक माणूस खांद्यावर पडद्याचा रॉड घेऊन रस्ता ओलांडत होता. मी भर गर्दीत त्याला ओरडून म्हणाले, “भैया, नीचे कर लो!” तो हसला. त्याला वाटलं, मला लागेल म्हणून सांगतेय.

हे कुणाला वाचून दाखवायची हिंमत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं. चूक झाली, घाईत झाली, असं मी आईला सांगितलंय. ते खरं नाही. त्या यादीत सगळ्यात खाली ‘सांगता येत नाही’ असाही एक पर्याय होता, अण्णा. मी तो वाचला होता.