कार्बोरेटर सुखरूप आहे, काळजी नसावी

तीर्थस्वरूप दाजी यांस,

धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. तिकडे तुमची कंबर, तुमची झोप आणि तुमचा राग ही तिन्ही आटोक्यात असावीत. पहिल्या दोन्हींची चौकशी ताईने करायला सांगितली आहे, तिसऱ्याची मी स्वतःहून करतोय.

आधी महत्त्वाचं सांगतो, कार्बोरेटर सुखरूप आहे. कामावर परत जाताना तुम्ही तुमच्या त्या चार जाड चाकांच्या गाडीची, एटीव्हीची, किल्ली माझ्या हातावर ठेवलीत आणि बजावलंत, की ओढ्यातून जाताना कार्बोरेटर सांभाळ, त्यात पाणी-चिखल जाता कामा नये. दाजी, तुमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. एवढ्या काळात तुम्ही मला साधा पानासुद्धा कधी हाताळू दिला नाहीत. (शिडीचं प्रकरण मला आठवतं, ते इथे नको.) त्यामुळे त्या दिवशी मला भरून आलं, खोटं कशाला बोलू? मनाशी ठरवलं, जीव गेला तरी बेहत्तर, पण दाजींचा शब्द खाली पडू द्यायचा नाही.

आता मी पडलो शिंपी. कुठलीही वस्तू जपायची म्हणजे तिच्यासाठी काहीतरी शिवायचं, एवढंच मला कळतं. सीट काढली, टेप घेतली आणि कार्बोरेटरचं माप घेतलं. (उंची बेताची, पोट सुटलेलं, एक खांदा उतरता. अशी गिऱ्हाइकं माझ्याकडे रोज येतात.) रेनकोटचं कापड आणलं, अस्तर लावलं, दुहेरी शिवण मारली, गळ्याला इलास्टिक घातलं. पुढेमागे उसवून सैल करायला दोन बोटं माया सोडली, हाताला सवयच तशी. कार्बोरेटरला दोन बारीक रबरी नळ्या खाली लोंबताना दिसल्या. त्यांतून पाणी वर चढेल म्हणून त्यांची तोंडं दोऱ्याने करकचून बांधली. उरलेल्या कापडात एअर फिल्टरचा डबाही गुंडाळला. काम इतकं नेटकं झालं, की ब्लाउज न्यायला आलेल्या दोन बायकांना बोलावून दाखवलं. त्यांनी कौतुक केलं आणि ब्लाउज तयार आहेत का, ते विचारलं. (नव्हते.)

गाडी दुकानापुढे सुरू झाली, जरा धापा टाकत, पण झाली. ओढ्यापलीकडच्या दवाखान्यात नर्सबाईंचे चाळीस पांढरे कोट पोचवायचे होते. गाठोडं धरायला ताई मागे बसली. पाणी घोट्याएवढं होतं. बरोबर मध्यावर गाडीने दोन आचके दिले आणि गप्प झाली. बटण दाबलं, हात जोडले, पुन्हा बटण दाबलं, पण गाडी ढिम्म. त्यातच वरच्या अंगाला कुठे पाऊस झाला असावा, कारण घोट्याचं पाणी बघता बघता गुडघ्याला आलं.

ताईचं म्हणणं, गाडी ढकलू या. मी म्हटलं, आधी कार्बोरेटर! शिलाई मशीनचा स्क्रूड्रायव्हर माझ्या खिशात असतोच. पेट्रोल बंद केलं, कार्बोरेटरचा रेनकोट उतरवला, पट्ट्या सैल केल्या, वायर सोडवली आणि कार्बोरेटर बाहेर काढून डोक्यावर धरून काठाकडे निघालो. मागून ताई ओरडली, “अरे मेल्या, सख्खी बहीण बुडतेय इथं! तो कार्बोरेटर तुझा कोण लागतो?” (ती बुडत नव्हती. गाठोडं डोक्यावर घेऊन माझ्या आधी काठावर पोचली, एकही कोट ओला नाही. तेव्हापासून जेवताना मला मागितल्याशिवाय काही वाढत नाही.)

तर तात्पर्य काय, कार्बोरेटरमध्ये पाण्याचा थेंब नाही की चिखलाचा कण नाही. मऊ फडक्याने पुसून त्याचं पार्सल कालच तुमच्या पत्त्यावर रवाना केलं आहे, म्हणजे तुमची तुम्हाला खात्री पटेल. तब्येतीला जपा, आणि लोभ जेवढा शिल्लक असेल तेवढा राहू द्या.

तुमचा,
धाकटा मेहुणा

ता. क. – गाडीबद्दल लिहायचं राहिलं. ती ओढ्यात आहे. हँडल दिसतं.

ता. क. दुसरा – पाकीट चिकटवणार तोच गावातला मेकॅनिक आला. ट्रॅक्टर लावून त्याने गाडी बाहेर काढली आहे. तो म्हणतो, गाडीलाही श्वास लागतो, तो मीच कोंडला. त्या नळ्या बांधायच्या नसतात, वर हँडलपाशी नेऊन मोकळ्या सोडायच्या असतात. आणि कार्बोरेटर काढला तिथे मोठं भोक उघडं राहिलं, त्यातून ओढा थेट इंजिनात शिरला. कार्बोरेटरमध्ये पाणी गेलं असतं, तर अर्ध्या तासात साफ करून दिला असता म्हणे.

ता. क. तिसरा – तरी पार्सल मिळताच न उघडता परत पाठवावं. जमल्यास सोबत एक इंजिन पाठवावं. आणि दाजी, तुम्ही ते बसवाल तेव्हा मला काही हात लावू देणार नाही, हे कळतं मला. पण टॉर्च धरायला तरी बोलवा.