नैवाशाच्या शीतगृहाचा पासवर्ड

६ जानेवारी, नैरोबी
नैवाशाहून सिमियूसाहेबांचा फोन. गुलाबांची मोठी बाग त्यांची. तीन वर्षं आमचे वर्गणीदार. दर महिन्याला चोर होऊन त्यांच्या संगणकांत शिरायचं आणि खरा चोर यायच्या आत भगदाडं दाखवायची — हा माझा धंदा.
"कागेंडो, चार महिने तुला काही सापडलं नाही. मग वर्गणी कशाची? तेच कुलूप हलवून बघायची?"
"कुलूप तेच, साहेब. चोर रोज नवा."
"जीभ बरी चालते तुझी. या महिन्यानंतर बंद."
बघू या.

९ जानेवारी
शिरले! अकरा मिनिटांत. करामत कसली नाही — नुसता फोन. "शीतगृहाच्या कंपनीतून बोलतेय, यंत्र तपासायचंय." पॅकिंगच्या मुकादम नेकेसाबाईंनी पासवर्ड एकेक अक्षर करून सांगितला, वर "जेवलीस का गं?" विचारलं. मग काय, शीतगृहाचं तापमान इथून माझ्या बोटावर. व्हॅलेंटाइनच्या तोंडावर खुडून ठेवलेला सगळा माल सडवता आला असता. कशाला हात लावला नाही. पडद्याचा फोटो घेतला, खुशीत तीन गरम मांडाझी, म्हणजे इथले गोड तळलेले पाव, खाल्ले.

१२ जानेवारी
नैवाशाला जाऊन आले. फोटो बघून साहेब म्हणाले, "नेकेसाला आजच काढतो." एकोणीस वर्षांची नोकरी तिची.
"काढा. पुढच्या वेळी कोणाची चूक झाली तर तो तुमच्याकडे येणार नाही, लपवून ठेवेल. आणि फसवलं मी. मला काढा."
"तुला कसं काढू? आत्ता कुठे तुझं काम पटलं."
नेकेसाबाई राहिल्या. वर्गणीही राहिली. बाईंनी मात्र माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

१३ जानेवारी
त्यांचे सगळे पासवर्ड बदलून घेतले. आता या बागेत मुंगी शिरली तरी मला कळेल.

२७ जानेवारी
नेकेसाबाईंचा फोन, आपणहून. "राग गेला माझा. पण एक सांग, पोरी. नाताळाआधी त्याच पासवर्डासाठी एका गृहस्थांनी फोन केला होता, त्यांनाही सांगितला मी. ते तुमच्याच कचेरीतले ना? फार गोड बोलत होते."
आमच्या कचेरीत मी आणि अचोला. दोघी बायका. पासवर्ड आता बदललेत, पण तो त्याआधीच आत शिरून बसला असेल तर?
"सांगितलंत ते फार बरं केलंत," एवढंच म्हटलं. लगेच साहेबांना फोन — "शीतगृह इंटरनेटपासून तोडा. आत्ता. मी निघालेय."