कोबीवरचं वजन

१६ ऑक्टोबर १९५८

चि. ग्लाफीरास सावेलीचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र टपालाने पाठवत नाही. टपाल तुझ्याआधी दुसरेच वाचतात. ट्रकवाला येफिम हातोहात देईल. मी पंप जोडतो असं तुला सांगत आलो, ते खोटं नव्हतं. फक्त ते पंप विहिरीवरचे नाहीत, रॉकेटचे आहेत.

परवा आमचं एक रॉकेट दुसऱ्याच मिनिटाला फुटलं. इंधनाच्या नळीवरचं एक पोलादी कडं मी नापास केलेलं होतं. केसाएवढी चीर होती. शिकलेल्या इंजिनियरांना ती भिंगातून दिसली नाही, मला नखाला लागली. माझ्या रीतीप्रमाणे त्याच्या काठावर नापासाच्या खुणेचे तीन ठोके मारले आणि लाल पट्टा ओढला. बदली कडं यायला नऊ दिवस होते. तेवढ्यात अमेरिकेचं यान चंद्राकडे निघाल्याचं रेडिओवर आलं. साहेब म्हणाले, चंद्र नऊ दिवस थांबेल, अमेरिका थांबणार नाही. मी जेवायला गेलो असताना कुणीतरी लाल रंग खरवडला आणि तेच कडं बसवलं.

आता चौकशी चालू आहे. नापासाच्या वहीतलं ते पान गायब. साहेब सांगतात, सावेलीनेच कडं पास केलं. शिसारी येते या माणसांची. चंद्र यांच्यापैकी कुणालाच बघायचा नाही. पलीकडच्याचं तोंड पडलेलं तेवढं बघायचंय.

तुकडे तुमच्या बाजूला पडले असणार. परातीएवढं कडं, बोटभर अंतराने तीन ठोके. दिसलं तर कळव, मी ते नापास केल्याचा तेवढाच पुरावा उरलाय. लोभ असू दे, आणि हे पत्र चुलीत घाल.

तुझा सावेली

२१ ऑक्टोबर

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं रॉकेट आमच्या सूर्यफुलांत पडलं. दोन दिवस सगळं गाव रॉकेलसारखं घाणत होतं. शेजारच्या ऐतबायने पडलेल्या पत्र्याचं मेंढ्यांसाठी पाण्याचं कुंड केलं. मेंढ्या तोंड लावत नाहीत. आमच्या सामूहिक शेतीच्या संचालकांनी खुराड्यावर त्याचंच छप्पर घातलं, तर कोंबड्या बाहेर झोपतात.

कडं माझ्याकडेच आहे. कोबी खारवायला घातला होता, पिपात वरून ठेवायला वजन हवं होतं. आमचे तिखोनराव तीन वर्षं चांगला दगड आणायला निघालेत, अजून पोचले नाहीत. ठोके तीनच आहेत. मला वाटलं, कुणी कारागीर कंटाळला असेल. तो तू निघालास. काय करू ते कळव. तब्येत सांभाळ, जेवत जा.

तुझी ग्लाफीरा

२७ ऑक्टोबर

चि. ग्लाफीरास आशीर्वाद.

कडं विहिरीत टाक. लष्कराची माणसं तुकडे गोळा करायला निघाली आहेत. ज्याच्या घरी सापडेल, त्याला उचलतील.

मी सही करतो. कागदात लिहिलंय की कडं मीच तपासलं आणि चांगलं ठरवलं. सही केली तर नुसता ठपका, नोकरी राहते. नाही केली तर शत्रूचा हस्तक, हे साहेब चहा ढवळता ढवळता बोलून गेले. मुदत पुढच्या सोमवारपर्यंत. पुढचं रॉकेट सात नोव्हेंबरच्या क्रांतिदिनाची भेट म्हणून तयार होतंय. कडी त्याच पेटीतली आहेत आणि मला जवळ फिरकू देत नाहीत.

एकोणीस वर्षांत माझा एकही सांधा गळलेला नाही. कुणाला तरी सांगायचं होतं, तुला सांगितलं. माया कमी करू नकोस.

सावेली

३० ऑक्टोबर

ती. दादास सा. न. वि. वि.

येफिमला दारात उभा करून लिहितेय. तुझं पत्र हातात पडलं तेव्हा लष्करी ट्रक अंगणात होता. कुंड नेलं, छप्पर नेलं, आम्ही काहीच पाहिलं नाही अशा सगळ्यांच्या सह्या घेतल्या. तिखोनला नाव सरळ लिहिता येत नाही, पण कालची सही झोकात आली.

त्यांचा मेजर माझ्या स्वयंपाकघरात बसला. वास घेतला, कोबी मागितला, दोन ताटल्या संपवल्या. त्याच्या बायकोचा कोबी दरवर्षी वर तरंगतो आणि मऊ पडतो, म्हणाला. तुम्ही वर ठेवता तरी काय, असं विचारलं.

मी म्हटलं, “माझ्या भावाने पाठवलेलं वजन.”

भाऊ गुणी आहे म्हणाला आणि तोंड पुसून गेला.

विहिरीत मी काही टाकणार नाही. तीन ठोके अंगठ्याला लागतात, आणि तुझी केसाएवढी चीर आता बोट जाईल एवढी झालीय. शनिवारच्या गाडीने पीप घेऊन येते, कडं तळाशी, कोबी वर. स्टेशनावर ये. चौकशीवाल्यांपुढे ते आपण दोघं मिळून ठेवू. मला उचलायचं तर उचलू देत. तोवर हात खिशात ठेव. सही केलेली दिसली तर तशीच परत फिरेन, कोबीसुद्धा मिळणार नाही.

लोभ आहेच, तो कुठे जातोय.

तुझी ग्लाफीरा