फादर टूहींच्या बदलीची बातमी

किलनाब्रॅक, सोमवार

प्रिय अ‍ॅट्रॅक्टा,

अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? (लिव्हरपूलच्या डॉक्टरांकडून मला फारशी आशा नाही.) माझी तब्येत शनिवारपर्यंत ठणठणीत होती. शनिवारी एका गृहस्थाचा फोन आला. तुझ्या ग्रॅनियाचं चरित्र लिहितोय म्हणे. इंटरनेटवर बातम्या देण्याची सुरुवात आपल्याकडे तिनं केली, म्हणून तिच्या बालपणाविषयी मावशीला विचारायला तो गुरुवारी येतोय. तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

बालपणात सांगण्यासारखं आहे काय? तू तेव्हा शर्टांच्या कारखान्यात, म्हणून शाळा सुटली की पोर माझ्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये येऊन टेबलाखाली पाव-जॅम खात बसायची. मी वायरी खुपसून लोकांचे फोन जोडायची. दिवसभर कानाला यंत्र लावलेल्या बाईच्या कानावर चार शब्द पडणारच. त्याला चोरून ऐकणं म्हणत नाहीत. (गुप्ततेच्या शपथेवर मी सही केली होती. माझ्या कानांनी केली नव्हती.) आणि काही कानावर पडलं की माणूस 'अगंबाई!' म्हणून पुढचं पुटपुटतोच. ते पोरीनं टिपावं, वहीचं पान फाडून डेअरीच्या भिंतीला चिकटवावं आणि दूध घालायला आलेल्या अख्ख्या गावानं वाचावं, यात माझा काय दोष?

ती नऊ वर्षांची असताना तिथं झळकलं, 'फादर टूहींची बदली. बिशपांनी ठरवलं.' बिशपांचं पत्र अजून यायचं होतं. फादर तडक एक्स्चेंजमध्ये.

"कॉन्सेप्टा, मी जातोय कुठं, तेवढं तरी सांग."

"मला काय ठाऊक, फादर?"

"तुला नाही, तर मग कुणाला?"

गाव खवळलं, बदलीविरुद्ध सह्या गोळा झाल्या, आणि बिशपांनी कळवलं की असं काही ठरलंच नव्हतं. मग चौकशी. मी म्हटलं, पोरीची कल्पनाशक्ती दांडगी आहे. (तुलाही तेच सांगितलं होतं.) शाळेच्या मुख्य नन, मदरनी तिला बाकावर उभं करून सगळ्या शाळेसमोर वदवून घेतलं, "मी खोटं लिहिलं." मी मागे दाराशी उभी होते. तिनं माझ्याकडे बघितलं, पण नाव घेतलं नाही. माझी नोकरी होती, अ‍ॅट्रॅक्टा.

आता त्या गृहस्थाला तिनं काय सांगितलंय, देव जाणे. टेलिफोन खातं पेन्शन परत घेतं का गं? आणि शेजारच्या मिसेस लाफ्टनला काय वाटेल? तिच्या ऑपरेशनचं मला ठाऊक आहे, हे तिला ठाऊक नाही. तेव्हा ग्रॅनियाला लगेच फोन कर. मावशी या पुस्तकात नको, म्हणावं.

तुझी,
कॉन्सेप्टा

ता. क. पाकीट चिकटवणार तोच ग्रॅनियाचाच फोन. "मावशी, घाबरू नकोस. मी त्यांना सांगितलंय, ती बातमी मीच रचली होती." सुटले! तू फोन करू नकोस.

आणखी एक. सुटले कसली? पुस्तकाच्या पहिल्याच पानावर आपली पोर खोटारडी! अ‍ॅट्रॅक्टा, ती बातमी खरी होती. त्या मंगळवारी सव्वाअकराला बिशपांचा सेक्रेटरी फोनवर बोलला आणि मी श्वास रोखून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं. गुरुवारी मी त्या गृहस्थाला हेच सांगणार आहे. तू लिव्हरपूलहून बुधवारच्या बोटीनं ये. मला एकटीला ते जमायचं नाही.