तुम्ही ज्याला तप म्हणालात

गुरुजी, तुम्ही जाऊन काही वर्षं झाल्यावर मी तुमच्या भाच्याला गंगापूर रोडवरच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. तुम्ही असतात तर हे घडलं नसतं. तुमचा शब्द मोडून पंचवटीतून नदी ओलांडून तिकडे जायची ह्यांची हिंमत झाली नसती, आणि माझीही नसती. डॉक्टर तरुण होते, पुरुषांच्याच तक्रारी बघायचे. मूल होत नाही म्हणून आलेल्या जोडप्यातल्या नवऱ्याला आधी खुर्चीवर बसवणारे मला भेटलेले ते पहिलेच. त्यांनी मला बाहेर थांबायला सांगितलं नाही. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर त्यांनी सरळ विचारलं, संबंधाच्या शेवटी वीर्य बाहेर येतं का. आणि तुमचा भाचा, माझा नवरा, पाठ ताठ ठेवून, तुम्ही शिकवलेल्या त्या संथ आवाजात म्हणाला, "नाही. माझं ऊर्ध्वगामी आहे." मी जमिनीकडे बघत राहिले. डॉक्टर हसले नाहीत. कधीपासून, असं त्यांनी विचारलं. पहिल्यापासून, हे म्हणाले. मग त्यांनी ह्यांना पलंगावर झोपवलं, सदरा वर करायला सांगितला, आणि बेंबीखालच्या त्या लांब पांढऱ्या व्रणावर बोट ठेवलं. लग्नापासून मी तो व्रण बघत आले होते. लहानपणी लघवी अडायची म्हणून ऑपरेशन झालं होतं, एवढंच मला माहीत होतं, आणि त्याचा आमच्या मूल नसण्याशी काही संबंध असेल हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी तुम्हाला सांगते, कारण तुम्ही ते कधी कोणाला सांगितलं नाहीत. लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी एक स्नायू असतो. पुरुषाच्या त्या क्षणी तो घट्ट मिटतो, म्हणून वीर्याला पुढे बाहेर यावं लागतं. लहानपणी अडथळा मोकळा करताना ह्यांचा तो स्नायू कापला गेला होता. त्या काळी तसंच करायचे, पोराचा जीव महत्त्वाचा. आता ते तोंड मिटत नाही. सगळं मागे पिशवीत जातं आणि नंतर लघवीबरोबर निघून जातं. "कमीपणा काही नाही यात," डॉक्टर म्हणाले, "तब्येतीला धोका नाही, संसारसुखात अडचण नाही. फक्त मूल आपोआप राहणार नाही." खात्री करायला त्यांनी एका सकाळी तिथेच नंतरची लघवी तपासली आणि आम्हा दोघांना सूक्ष्मदर्शकाशी बोलावलं. मी चष्मा काढून डोळा लावला. बरेचसे शुक्रजंतू निपचित पडले होते, पण काही शेपट्या हलवत होते. गुरुजी, ते होते. इतकी वर्षं होते. ह्यांनी बघायला नकार दिला. दाराशी उभे राहून ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिले.

तो चष्माही तुम्हीच मला दिलेला. आठवीत मी फळ्यावरचं शेजारणीच्या वहीतून उतरवून घेते हे आमच्या घरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, शाळेतही नाही. तुमच्या संस्कृतच्या शिकवणीत ते तुमच्या लक्षात आलं. तुम्ही मला मेन रोडवरच्या दुकानात नेलंत, अक्षरं वाचून घेतलीत आणि वर म्हणालात, "आता चुकलीस तर डोळ्यांवर ढकलता येणार नाही." दुकानातून बाहेर पडल्यावर मला समोरच्या घरांच्या कौलांच्या ओळी वेगवेगळ्या दिसल्या. आमचा गणेशवाडीच्या बाजारात भाजीचा गाळा. तात्यांना सही येत होती, आईला तीही नाही. मला दहावीनंतर गाळ्यावर बसवायचं ठरलं होतं. तुम्ही आलात, मेथीच्या जुड्या बाजूला सारून पोत्यावर बसलात, आणि तात्यांना म्हणालात की भाजी विकायला कोणीही मिळेल, सुभाषित ऐकून वृत्त ओळखणारी पोरगी मिळणार नाही. तात्यांना वृत्त म्हणजे काय ते कळलं नाही. पण शेतकऱ्याच्या घरातून येऊन संस्कृत शिकलेला, पंचवटीतल्या भटजींनी टिंगल केली तरी मागे न हटलेला माणूस आपल्या गाळ्यावर येऊन बसला, हे त्यांना कळलं. मी कॉलेजात गेले. आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. निकाल लागला तेव्हा मला खरंच वाटलं होतं की आता आमच्या घरात अंधश्रद्धा, खोटं, भीती यातलं काही टिकणार नाही, कारण आता घरात मी आहे.

त्यानंतर महिन्याभरातच तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात बसला आहात. आई चुलीशी आहे, तुमच्या ताटात भाकरी आणि वांग्याचं भरीत. तुम्ही नेहमीसारखे सावकाश जेवताय आणि मधेच म्हणता, "मुलगी मागायला आलोय." आईची तव्यावरची भाकरी उलटायची राहते. तुमचा भाचा, तुमच्या बहिणीचा एकुलता, बाप लहानपणीच गेलेला, तुम्हीच वाढवलेला, सातपूरच्या कारखान्यात नोकरीला, सकाळी तुमच्या योगवर्गात पुढच्या रांगेत. हुंडा नको, मानपान नको. तात्या तुमच्या पायाशी वाकले. मला कोणी विचारलं नाही असं मी म्हणणार नाही. तुम्ही विचारलंत. "तुझं काय म्हणणं आहे, पोरी?" मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं.

माझा नवरा वाईट माणूस नाही, हे मी इथेच लिहून ठेवते. पहिल्या रात्रीनंतर मला काही कळलं नाही, मला कळण्यासारखं काही माहीतच नव्हतं. काही महिन्यांनी त्यांनीच मला सांगितलं, लाजत नव्हे, एखादं गुपित वाटून घ्यावं तसं. त्यांचं वीर्य बाहेर पडत नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी घाबरून ते तुमच्याकडे आले होते, आणि तुम्ही त्यांना सांगितलं होतं की घाबरू नकोस, योगी जन्मभर ज्याच्यासाठी खपतात ते तुला प्राणायामाने आपसूक साधलंय. ऊर्ध्वरेता. हा शब्द मला तुमच्याचकडून माहीत होता, पाठांतरातला. म्हणून मी तो खरा मानला. अडाणी बाईने मानला नसता कदाचित, तिला तो शब्दच कळला नसता. मी संस्कृतची पदवीधर होते.

पण घरात पाळणा हलला नाही, आणि योगी म्हटल्यावर दोष माझ्याकडे आला. गर्भाशयात औषध सोडून काढतात ते फोटो मी काढले. त्या दिवशी सिव्हिलमागच्या रस्त्यावर मला चालता येत नव्हतं, आणि सासूबाईंनी रिक्षात माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. शेजारच्या डोहाळजेवणात ओटी भरायला बायका उठल्या की मी स्वयंपाकघरात पाणी बघायला जायचे, कोणी मला अडवायचं नाही. माझ्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. तेव्हा मी तुमच्याकडे आले. तुम्ही एकटे राहायचात, गॅसवर पिठलं ढवळत होतात. मी म्हटलं, गुरुजी, माझ्यात दोष नाही, त्यांना एकदा तपासू द्या, ते फक्त तुमचं ऐकतात. तुम्ही मागे वळला नाहीत.

"तू ज्याला दोष म्हणतेस ते तपाचं फळ आहे."

मी म्हटलं, पण मला मूल हवंय.

"शंका घेणं सोपं असतं, पोरी. चार बुकं शिकल्यावर माणसाला पहिलं तेवढंच येतं." मग तुम्ही मला पिठलं-भात वाढलात. मी मान खाली घालून जेवले आणि घरी आले. गेल्या काही वर्षांत ते जेवण मला अनेकदा आठवलंय. तुम्ही माझ्याकडे पाठ करून का उभे होतात, याचा मी तेव्हा विचार केला नाही. पिठल्याला गुठळ्या होतात, ढवळत राहावं लागतं, असंच मला वाटलं.

डॉक्टरांकडून आल्यावर हे दोन दिवस कामाला गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी सासूबाईंना दळण निवडताना गाठलं. त्या दिंडोरीकडच्या, तुमच्याच गावच्या, आडपडदा नाही. मी विचारलं, ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर काही बोलले होते का. त्या म्हणाल्या, "मला कुठं आत घेतलं? भाऊलाच बोलावलं. भाऊ भाहेर आला आन् पायरीवर बसून ऱ्हायला. मी म्हनलं, काय झालं रे? तर म्हने पोरगं वाचलं, नारळ फोड." त्यांनी सुपातला खडा काढून टाकला. "मंग लय वर्सांनी, ह्यो कामाला लागल्यावर मी पोरगी बघाया काढली, तर भाऊ चिडला. म्हने, तू बघू नको. ह्याच्यासाठी पोरगी मी बघनार."

मी उरलेले गहू निवडले आणि डबा घेऊन गिरणीत गेले.

त्या पायरीवर तुम्ही काय घेऊन बसला होतात, गुरुजी? डॉक्टरांनी सांगितलं असेल की पुढे मूल व्हायला अडचण येईल. किंवा सांगितलं नसेल, ऑपरेशनच्या धसक्यानेच तुम्ही बसला असाल. मला कळायला मार्ग नाही. ते हॉस्पिटल आता तसं राहिलं नाही, ते डॉक्टर नाहीत, तुम्ही नाही. मी मनात दोन्ही बाजू लावून बघते. तुम्हाला माहीत नव्हतं आणि तुमचा त्या शब्दावर खरोखर विश्वास होता, तर तुम्ही भोळे होतात. माहीत होतं, तर घाबरलेल्या पोराला तुम्ही एक सुंदर शब्द दिलात, आणि मग त्या शब्दाला सांभाळणारी बायको शोधायला निघालात. शिकलेली, म्हणजे शब्द कळणारी. गाळ्यावरून उचललेली, म्हणजे उलट न बोलणारी. मी आठवीपासूनचे सगळे दिवस उलटेपालटे करून बघितले आहेत. चष्म्याचा दिवसही. त्या दिवशी मी तेरा वर्षांची होते, त्यात तुमचा काही हेतू असणं शक्य नाही, हे मला समजतं. तरी मी बघते. माझं शिक्षण मला पूर्ण माझं वाटत नाही, हे तुम्ही केलंत.

उपचार साधा आहे, ऐकायला. आधी गोळ्या दिल्या, सर्दीवर देतात त्या जातीच्या, त्या स्नायूला आवळायला. ह्यांची छाती धडधडायची, बाकी काही झालं नाही. स्नायू कापलेलाच असेल तर गोळी काय आवळणार. मग दुसरा मार्ग. आदल्या दिवसापासून पाण्यातून खायचा सोडा घ्यायचा, म्हणजे लघवीचा आंबटपणा कमी होऊन बीज जगतं. हॉस्पिटलात नंतर लगेच लघवी करायची. त्यातून बीज वेगळं काढतात, धुतात आणि बाईच्या गर्भाशयात सोडतात. हे ऐकून माझा नवरा म्हणाला, मुतातून मूल? आणि उठून गेला. त्यांना सासूबाईंनी परत आणलं. "आपन काय गंगेतून निघालो व्हय?" त्या म्हणाल्या. "समदे तिथनंच येत्यात, बाबा. वाट काय लय लांब नाय." आम्ही सगळे हसलो, हेही हसले, त्या घरात कितीतरी दिवसांनी. दोनदा केलं. दोन्ही वेळा राहिलं नाही. डॉक्टर म्हणतात, आम्ही दहा वर्षांपूर्वी आलो असतो तर माझं वय कमी होतं, बीज बरं होतं, हातात वेळ होता. ते हे आरोप म्हणून म्हणत नाहीत. तिसऱ्या वेळेचं आम्ही अजून ठरवलेलं नाही.

तुमच्यानंतर योगवर्ग हे घ्यायचे. आता घेत नाहीत. सकाळी उठून गॅलरीत नुसते बसतात. पूर्वी त्यांच्या चेहऱ्यावर एक तेज होतं, ते खोट्यावर उभं होतं, पण होतं. आता ते सोड्याची पुडी पाण्यात ढवळणारे एक थकलेले गृहस्थ आहेत, आणि ते मीच केलं आहे. तुमचा फोटो मात्र भिंतीवर आहे, त्याला हार तेच घालतात. सासूबाई जे बोलल्या ते मी त्यांना सांगितलेलं नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "मामांना ठाऊक असतं तर त्यांनी सांगितलं असतं, नाही का?" मी भाजी चिरत होते. मी म्हटलं, हो. त्यांनी मान हलवली आणि कामाला गेले. हे तुमची लाज राखायला केलेलं नाही. त्यांच्याकडून मी एक गोष्ट काढून घेतली आहे, दुसरी काढून घ्यायला माझा हात उचलला गेला नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, घरात ठेवायचंही नाही. ह्यांच्या हाती लागलं तर मी त्यांना म्हटलेलं ते 'हो' वाया जाईल. पण ते फाडायच्या आधी एक लिहिते. आईच्या स्वयंपाकघरात तुम्ही मला विचारलंत तेव्हा मी एकवीस वर्षांची होते, आणि तुमच्यासाठी मी काहीही केलं असतं. तुम्ही तिथेच सांगितलं असतंत, की पोरी, मुलगा चांगला आहे पण त्याला मूल होणं अवघड आहे, तर मी रात्रभर रडले असते, आणि सकाळी तुमच्याकडे येऊन हो म्हणाले असते.