तुझा फुकटचा रविवार

प्रिय धाकटे साडूमहाराज,

तुझ्या फुकटच्या रविवाराची खरी किंमत आधी सांगतो. एकेरी रस्त्यात उलटी गाडी घातली म्हणून दंड. तिथून घाईघाईने मागे येताना भाजीच्या हातगाडीला धक्का, म्हणून मागच्या दिव्याची काच. चिरडलेल्या टोमॅटोंची भरपाई. शिवाय भाजीवालीने भर चौकात माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला तो वेगळा, त्याची पावती मिळत नाही. सगळं मिळून एक अश्वशक्तीची नवीकोरी मोटर आली असती. आणि तुम्हा तिघांचा खर्च काय, तर एक नाणं, तेही संध्याकाळी पुन्हा तुझ्याच खिशात.

हो, मागच्या रविवारी तुमच्या मागे गाडी घेऊन फिरणारा तो शहाणा मीच. तुला ते ठाऊक होतं हे मला नंतर कळलं, त्यावर येतोच. आधी मनातलं सांगून टाकतो, कारण मला घोळवून बोलता येत नाही. माझ्या पोटात दुखतंय. औषधाने बरं होणारं दुखणं नव्हे हे. शनिवार उजाडला की माझी दोन्ही पोरं पाठीला पिशव्या लावून तुझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांकडे पळतात आणि रविवारी अंधार पडता पडता परत येतात, दमलेली, धुळीने माखलेली, खिदळणारी. उंबरठ्याच्या आत पाय पडला की खिदळणं बंद. जणू आमच्या दारात बटण बसवलंय. ते खिदळणं मला माझ्या घरात हवंय, साडू. इतकंच मागणं आहे, बाकी सगळं आहे माझ्याकडे.

आहे हे तुलाही मान्य करावं लागेल. दुसऱ्याच्या कारखान्यात झाडू मारत होतो, आज तीन ठिकाणी माझी पाटी आहे. जळलेल्या मोटरी आणि बसलेले पंप यांवर हा संसार उभा आहे. शिकलो किती ते विचारू नकोस, माझं सगळं शिक्षण कानात. गिऱ्हाइकाला मी सांगतो, यायचे कष्ट घेऊ नका, फोन नुसता मोटरजवळ धरा. बेअरिंग गेलंय, की पंखा घासतोय, की आत पाणी शिरलंय, इथे बसल्या बसल्या सांगतो. आजवर चुकलेलो नाही. माझे कारागीर नव्या पोरांना सांगतात, मालकांसमोर फोनवर खोटं बोलू नका, त्यांना आवाजातलं गंजणंसुद्धा कळतं. आपले सासरेबुवा म्हणायचे ते आठवतं का? थोरला जावई कानाचा, धाकटा हाताचा, आणि दोघंही डोक्याचे नाहीत. तू रबरी शिक्के कोरणारा, मी आवाज ऐकणारा. लग्नाच्या पंगतीपासून आपलं जमलं ते त्या एका शेऱ्यावर.

हे सगळं सुरू कसं झालं ते बघ. गेल्या वर्षी माझ्याकडे मोठं काम आलं, बायको म्हणाली, दोन दिवस पोरांना धाकट्या बहिणीकडे पाठवू. मीच स्वतःच्या गाडीतून सोडायला आलो होतो, स्वतःच्या हाताने! तुला म्हणालोही होतो, कंटाळतील रे तुझ्याकडे, टीव्हीसुद्धा धड नाही. तू हसलास. तुझं ते हसणं मला तेव्हाच खटकायला हवं होतं. घरी आल्यावर थोरली एवढंच म्हणाली की पुढच्या शनिवारीही जाऊ का. सोळा वर्षांची मुलगी आपणहून कुठे जायचं म्हणते आणि सोबत आरसा नेत नाही, हे नवल मी त्या दिवशी पाहिलं.

मग मीही मैदानात उतरलो. पाण्याच्या घसरगुंड्या असलेल्या त्या मोठ्या बागेत नेलं. थोरली सावलीत बसून कानात गाण्याची बोंडं घालून राहिली, धाकटा एकदा घसरला आणि म्हणाला, झालं. मोठ्या पडद्याचा सिनेमा दाखवला, मऊ खुर्च्या, पाय लांब करायची सोय. मध्यंतरात मी विचारलं, काय आणू, तर दोघंही म्हणाली, काही नको. परतताना गाडीत अशी शांतता की मला माझ्याच गाडीच्या इंजिनातली टकटक ऐकू आली. दुसऱ्या दिवशी ती दुरुस्त करून घेतली. शांतता दुरुस्त करणारा कुणी ठाऊक असेल तर पत्ता दे.

आणि तुझ्याकडे काय करतात? मी चोरून ऐकलंय, लपवत नाही. त्यांच्या खोलीची भिंत पातळ आहे आणि माझे कान कसे आहेत ते वर सांगितलंच. भंगारातल्या दोन सायकलींची एक सायकल केली म्हणे, आणि तिच्यावर तिघं बसून पडलात. जुन्या बाजारात प्रत्येकाने सर्वांत निरुपयोगी वस्तू शोधायची पैज लावलीत, धाकट्याने मूठ नसलेली छत्री आणून जिंकली. मैदानावर कुणा अनोळखी पोरांचा फुटबॉलचा सामना चालू होता, तुम्ही कुंपणावर बसून त्याचं धावतं वर्णन केलंत, आणि शेवटी दोन्ही संघ तुमचं ऐकायला खेळ थांबवून उभे राहिले. हे मी भिंतीला कान लावून ऐकलं आणि मला हसू आलं. मग राग आला, की हसायला मला भिंत लागते.

त्या सगळ्यांत तुमचा तो नाण्याचा खेळ मला सर्वांत झोंबला. चौक आला की नाणं उडवायचं, छापा पडला तर उजवीकडे, काटा पडला तर डावीकडे, पाय बोलायला लागले की थांबायचं, तिथेच बसून डबा खायचा, आणि फोन न उघडता लोकांना विचारत घरी परतायचं. हे एवढंच! यात काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. पण आता आमच्या घरात त्याची एक बोलीच झाली आहे. मी काही सुचवलं की दोघं एकमेकांकडे बघतात आणि थोरली हळूच म्हणते, काटा. तिला वाटतं बापाला ऐकू येत नाही.

तिच्या मनगटावर एकदा निळा ठसा दिसला. तुझ्याकडच्या टाकाऊ रबरात तिने स्वतः कोरलेला शिक्का, अक्षरं अगदी सुबक, उलटी कोरायची कला तूच शिकवलेली दिसते. शिक्क्यात दोनच शब्द होते, किती लागतील? मी क्षणभर विचार केला, हे कुठे ऐकलंय. मग बायको तोंडाला पदर लावून आत पळाली तेव्हा उलगडलं. मी म्हणतो ते! सहल म्हटलं, किती लागतील. शाळेचं नाटक म्हटलं, किती लागतील. पोरं काही सांगायला आली की माझा हात आधी पाकिटाकडे जातो आणि तोंडातून ते दोन शब्द पडतात. मी त्याला प्रेम समजत होतो, आणि अजूनही समजतो. पण मनगटावर उमटलेलं ते वाचवत नाही.

तरी मी हार मानली नाही. मागच्याच्या आधीच्या रविवारी त्यांना थांबवून घेतलं, म्हटलं, आपणही नाणं उडवू, त्यात काय मोठं. पहिल्याच चौकात काटा पडला. डावीकडे भंगाराची गोदामं आणि उघडं गटार. मी म्हटलं, अरे, उजवीकडे जाऊ, तिकडे आइस्क्रीम फार चांगलं मिळतं. थोरलीने नाणं मुकाट्याने खिशात घातलं. आम्ही आइस्क्रीम खाल्लं. फार चांगलं होतं.

म्हणून पुढच्या रविवारी तुमच्या मागे निघालो. तू असं काय करतोस ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, म्हणजे दुसऱ्याच्या दुकानात गर्दी का, ते आपण रस्त्यापलीकडून बघतो ना, तसं. पायी चालणाऱ्यांचा गाडीतून पाठलाग ही काय चीज आहे ते तुला कळायचं नाही. मागचे भोंगे वाजवतात, पुढचे शिव्या देतात. एका चौकात तुम्ही तिघं नाण्यावर डोकी घालून वाकला होतात. धाकट्याने हात तुझ्या खांद्यावर टाकला होता, सहज, बघतासुद्धा नव्हता. माझ्या खांद्यावर तो हात शेवटचा कधी पडला ते मी आठवायला लागलो, आणि तेवढ्यात तुम्ही त्या गल्लीत वळलात. पाटी मी वाचलीच नाही. पुढचा हिशेब पहिल्या परिच्छेदात आहे.

आता हे पत्र कशासाठी, ते. दंड भरून, काच झाडून संध्याकाळी मी तुझ्या घरी फोन केला होता. तुला ठाऊक नाही. पलीकडून तुझा तो नेहमीचा सूर, बोला, काय छापायचं? आणि मी सुटलो. म्हटलं, छापायचं काही नाही, माझ्या पोरांना काय खाऊ घालतोस ते सांग. घरी तर तोंड उघडत नाहीत दोघं. धाकटा तर माझ्याकडे पाहुण्यासारखं बघतो. एकदा विचार त्याला, बापाजवळ बसायची लाज वाटते का? मोटरींचं ग्रीस लागेल असं वाटतं का? एवढं विचारून ठेव माझ्यासाठी, मला स्वतःला विचारायची छाती नाही. पलीकडून उत्तर आलं, विचारतो. आणि फोन ठेवला गेला. रात्री पोरं घरी आली. थोरली झोपायला गेली. धाकटा माझ्या शेजारी येऊन बसला, इतका जवळ की खुर्ची कुरकुरली. म्हणाला, लाज नाही वाटत, बाबा. मग म्हणाला, गाडी आम्हाला पहिल्याच चौकात दिसली होती, काका म्हणाले हाक मारू या, पण मीच म्हटलं, नको, हाक मारली तर पैसे देऊन निघून जातील, येतायत ना मागे, येऊ द्या. मग दिव्याच्या काचेचं तेवढं विचारलं त्याने, किती लागले म्हणून, आणि आम्ही दोघंही हसलो, माझ्या घरात. तर साडू, येत्या रविवारी मलाही ने. गाडी आणणार नाही, पाकीट बायकोकडे ठेवीन, काटा पडला तर गटारातूनही येईन. तू तेव्हा गच्चीवर वाळलेले कपडे काढत होतास म्हणे, म्हणून फोन त्याने उचलला. मी त्याला तू समजून बोलत राहिलो, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत. त्याची आई म्हणते, त्याचा आवाज फुटून सहा महिने झाले.

तुझाच,
थोरला साडू